खडकांच्या थरांचे सापेक्ष वय

खडकांचे थर एकमेकांच्या मानाने आधीचे की नंतरचे, हे ठरवण्याची भूविज्ञानातील पद्धत. थर किती वर्षांपूर्वीचा, हे तिच्यातून कळत नाही. थोरला कोणता आणि धाकटा कोणता, एवढेच कळते. पण एवढ्याचे मोल फार मोठे आहे. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांचे वय मोजता येऊ लागले ते विसाव्या शतकात, आणि पृथ्वीच्या इतिहासातील प्रमुख कालखंडांचा क्रम त्याच्या आधीच लागलेला होता.

मूळ नियम डॅनिश विद्वान निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडला. इटलीतील टस्कनीचे खडक पाहून त्याने ताडले, की पाण्याखाली गाळ सपाट पसरतो आणि खालचा थर बसल्याशिवाय वरचा बसूच शकत नाही. म्हणून खालचा जुना, वरचा नवा. याला अध्यारोपणाचा नियम म्हणतात. थर आज तिरपे किंवा उभे दिसले, तर ते तयार झाल्यानंतर हलले असे समजतात.

सह्याद्रीत गाळाच्या जागी लाव्हा आहे, नियम मात्र तोच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्यांच्याच; या लाव्हा-खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन लोटांमधला सांधा हाताने चाचपता येतो. खाली काळा, घट्ट बेसाल्ट असतो. वर जावे तसा तो सच्छिद्र होतो, कारण वायूचे बुडबुडे वर चढून तिथेच अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट ही पांढरी खनिजे भरली. त्यावर बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा लाल पट्टा असतो, कुठे चार बोटे तर कुठे मीटरभर जाड. त्याच्या वर पुन्हा काळा खडक, आणि त्याच्या तळाशी कधीकधी उभ्या नळ्यांसारखी छिद्रे.

हा सांधा खालून वर वाचायचा. एक लोट आला, निवला, उघडा पडून राहिला. ऊनपावसाने त्याची माती झाली, काही ठिकाणी तीत ज्वालामुखीची राखही पडली. मग दुसरा लोट आला आणि त्याने ती माती भाजली. पट्ट्याची वरची कड म्हणूनच विटेसारखी कडक लागते. जो भाजला गेला तो आधीचा, ज्याने भाजले तो नंतरचा. माझ्या मते हा नियम शिकवायला घाटातल्या अशा सांध्याइतकी चांगली जागा नाही.

मात्र उंचीवरून वय ठरवू गेले, की चूक होते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, महाबळेश्वरचे पठार सुमारे १,४०० मीटर. तरी कळसूबाईचे खडक जुने आणि महाबळेश्वरचे नवे, कारण सह्याद्रीतील लाव्हाचे थर दक्षिणेकडे अगदी किंचित उतरत जातात. उत्तरेला जे थर उघडे आहेत, ते दक्षिणेला खाली गाडले गेले आहेत. मुंबईत तर थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. त्यामुळे मलबार हिलचा बेसाल्ट जवळपास समुद्रसपाटीला असूनही घाटमाथ्याच्या खडकांहून धाकटा ठरतो.

ठिकठिकाणचे थर असे जुळवणे सोपे नव्हते. काळा बेसाल्ट सगळीकडे सारखाच दिसतो. काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे बोटाएवढे स्फटिक असतात, ते खूण म्हणून उपयोगी पडले. बाकीचे थर रासायनिक घटकांच्या प्रमाणावरून ओळखले गेले. अशा रीतीने थरांच्या गटांना ठिकाणांची नावे देऊन, सर्वांत जुन्या जव्हार, इगतपुरीपासून नव्या पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वरपर्यंतचा क्रम लागला.

थर एकमेकांवर नसतील, तर दुसरा पुरावा शोधतात. धुळे-नंदुरबारकडे लाव्हाच्या थरांना उभ्या चिरत गेलेल्या खडकाच्या भिंती आहेत. भूविज्ञानात त्यांना भित्ती किंवा डाइक म्हणतात. चिरणारा खडक चिरल्या गेलेल्या खडकाहून नवा. विभंगालाही, म्हणजे भेग पडून थर सरकले असतील तिथेही, हेच लागू. उलट, पिंडाश्मात, म्हणजे गोटे सांधून बनलेल्या खडकात, अडकलेले गोटे त्या पिंडाश्माहून जुने.

दूरदूरचे थर जुळवायला जीवाश्म लागतात. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या ध्यानात आले, की ठरावीक जीवाश्म ठरावीक थरांतच आणि त्याच क्रमाने सापडतात. त्याच्या आधारे त्याने १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूवैज्ञानिक नकाशा काढला. चंद्रपूरच्या कोळसा-थरांतील ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे जीवाश्म दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही मिळतात, म्हणून ते थर एका काळाचे मानता येतात. याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे ज्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत मिळाली, ते लाव्हाच्या खालचे, म्हणून लाव्हाहून आधीचे. मुंबईत वरळीला दोन लाव्हा-थरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. ते बेडूक खालचा लोट निवल्यावर आणि वरचा येण्यापूर्वी जगले.

थरांची मालिका अखंडच असते असेही नाही. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे भूवैज्ञानिक जेम्स हटनने १७८८ मध्ये उभ्या थरांवर जवळपास आडवा पसरलेला तांबडा वालुकाश्म पाहिला. खालचे थर गाळ म्हणून बसले, उभे झाले, झिजले, आणि मगच वरचा वालुकाश्म साचला. मधल्या कोट्यवधी वर्षांचा तिथे एकही थर नाही. अशा खंडाला विसंगती म्हणतात.

हिमालयात जुने खडक नव्यांवर सरकून बसले आहेत आणि घड्या पडून काही थर उलटेही झाले आहेत. तिथे आधी थराची मूळ वरची बाजू शोधावी लागते. चिखलाला पडलेल्या भेगा वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. एकाच थरातले जाड कण तळाशी, बारीक वर असतात. भेगांची टोके आभाळाकडे वळलेली दिसली, तर तो थर पालथा झालेला आहे.