किटलीची शिट्टी आणि पिरॅमिडची थाप

सांगलीत हरभट रोडवरच्या एका दुकानाच्या शोकेसमध्ये सध्या शंकूच्या आकाराची स्टीलची किटली मांडली आहे. विक्रेता सांगतो, "सर, इटालियन आर्किटेक्टच्या डिझाइनवरून केलीय. आणि पिरॅमिड शेप असल्यामुळे पाण्यात पॉझिटिव्ह एनर्जी येते."

पहिल्या वाक्यात तथ्य आहे. मिलानचे वास्तुविशारद आल्दो रॉसी यांनी १९८०च्या दशकात घरगुती वस्तू बनवणाऱ्या अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी 'इल कोनिको' नावाची शंकूसारखी किटली केली. त्यांच्या इमारतींच्या रेखाटनांतले शंकू आणि मनोरे असे शेगडीवर येऊन बसले. त्याच कंपनीसाठी अमेरिकी वास्तुविशारद मायकल ग्रेव्हज यांनी १९८५मध्ये केलेल्या किटलीच्या चोचीवर छोटा पक्षी आहे. पाणी उकळलं की तो शिट्टी घालतो.

दुसरं वाक्य शुद्ध थाप. पाण्याला मिळते ती ऊर्जा गॅसची, आणि तिचा हिशेब चोख लागतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. भांडं शंकू असो नाहीतर चरवी, त्यात सूट नाही. तळ पसरट असला तर ज्योत बाजूने कमी वाया जाते, एवढाच काय तो आकाराचा फायदा. त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं तर म्हणा.

मला कौतुक आहे ते शिट्टीचं. ती वाजली म्हणजे आत दाब साचला, असं बहुतेकांना वाटतं, कारण डोळ्यांसमोर कुकर असतो. कुकरची शिट्टी म्हणजे दाबाने उचललं जाणारं वजन. किटलीत असं काही उचललं जात नाही. तिची वाफ सतत बाहेर पडत असते, दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त. पाणीही सांगलीत साधारण ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच उकळतं.

मग आवाज कुठून येतो? शिट्टी काढून उजेडात धरा. बटणाएवढ्या डबीत समोरासमोर दोन पातळ तबकड्या, दोन्हींच्या मधोमध एकेक भोक. वाफ पहिल्या भोकातून घुसताना आकसते आणि तिची धार होते. ही धार मुळातच डळमळीत. दुसऱ्या तबकडीपर्यंत पोचेतो ती विस्कटलेली असते, त्यामुळे सगळी सरळ बाहेर पडत नाही, काही भाग भोकाच्या काठावर आपटतो. त्या धक्क्याने दाबाची लाट उठते, ती मागे जाऊन मागून येणाऱ्या धारेला आणखी डळमळवते. चक्र सुरू झालं! बाहेर पडणाऱ्या वाफेत ठरावीक तालात भोवरे तयार होतात आणि आपल्याला सूर ऐकू येतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी अशा शिट्ट्यांचा विचार केला होता, पण नीट मोजमाप केलं ते केंब्रिज विद्यापीठातल्या रॉस हेन्रीवूड आणि अनुराग अगरवाल यांनी, २०१३मध्ये. त्यांना दोन अवस्था सापडल्या. वाफ कमी असते तेव्हा दोन तबकड्यांमधली पोकळी घुमते, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. वाफ थोडी वाढली तरी सूर जवळपास तोच राहतो. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांना पोकळीची ही ताकद वेगळी सांगायला नको. वाफेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की राज्य भोवऱ्यांचं. कंपनसंख्येला धारेच्या जाडीने गुणून वेगाने भागलं की येते ती स्ट्रूहल संख्या. ती इथे जवळजवळ स्थिर राहते, म्हणून वेग वाढला की सूर चढतो. तोही मोकाट नव्हे. किटलीच्या चोचीच्या नळीला तिच्या लांबीनुसार स्वतःचे सूर असतात, त्यांना चिकटत चिकटत तो वर जातो. म्हणजे डिझाइनरने चोच लांबवली, तर त्याला पत्ता नसताना रागही बदलतो.

आपला आलं घातलेला दुधाचा चहा मात्र या किटलीत उकळू नका. दूध उतू जाऊन भोकांत बसेल. त्याला पातेलंच बरं.

घरी आणल्यावर ती मुकीच राहिली, तर दुकानदाराशी भांडण्याआधी झाकण बघा. ते सैल असलं तर वाफ तिथूनच निसटते आणि भोकांपर्यंत पुरेशी पोचतच नाही. पाणी गळ्यापर्यंत भरलं असेल, तर उकळताना ते चोचीत उसळतं आणि शिट्टीऐवजी नुसती गुळगुळ ऐकू येते.