उपग्रह जळतो, त्याची राख कुठे जाते?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोक अंगणात येऊन आभाळाकडे बघत होते. जळते तुकडे एकामागोमाग एक, सावकाश सरकत होते. उल्का इतकी रेंगाळत नाही. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो तुकडा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं.

चर्चा त्या कड्याचीच झाली आणि ते साहजिक होतं. मला मात्र वर जे जळालं त्याची काळजी वाटते.

उपग्रहाचा सांगाडा बहुतांशी अॅल्युमिनियमचा. तो ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने हवेत घुसतो, तेव्हा समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन अॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनतात. २५० किलोच्या एका उपग्रहातून असे सुमारे ३० किलो कण निघतात, असा २०२४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. ओझोनच्या थरापर्यंत उतरायला त्यांना तीसेक वर्षं लागू शकतात. तिथे ते ओझोन खाणाऱ्या क्लोरीनच्या अभिक्रियांना जोर देतात आणि स्वतः खर्ची पडत नाहीत. एकच कण वर्षानुवर्षं हे काम करत राहू शकतो.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. २०२३ च्या सुरुवातीला नासाच्या विमानाने अलास्कावर सुमारे १९ किलोमीटर उंचीवरची हवा आत ओढली. त्यातल्या एकेका कणावर लेसर मारून त्याची घटकद्रव्यं तपासली गेली. सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी साधारण दहा टक्क्यांत अवकाशयानांचे धातू सापडले. त्यांत नायोबियम आणि हाफ्नियमही होते. हे धातू रॉकेटच्या मिश्रधातूंत वापरतात. उल्कांच्या धुळीतून ते एवढ्या प्रमाणात येत नाहीत.

काम संपलेला उपग्रह खाली आणून जाळावा, हा आजचा शिरस्ता. इस्रोनेही ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स असाच प्रशांत महासागरावर उतरवला. कक्षेत कचरा साचू नये, जमिनीवर कुणाला इजा होऊ नये, म्हणून हे योग्यच. पण या हिशेबात मधली हवा कुणी धरलीच नव्हती. हजारो उपग्रहांचे ताफे उभे राहत असताना ही चूक महागात पडेल.

जपानने २०२४ मध्ये मॅग्नोलियाच्या लाकडाचा, दहा सेंटिमीटरचा उपग्रह अवकाशात पाठवला. लाकूड जळालं तर अॅल्युमिनियमची धूळ उरत नाही. त्याच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं मात्र धातूचीच होती.