बालदमा आणि शाळा (पुणे)

दमा असलेल्या लहान मुलाला शाळेत धाप लागू नये आणि लागलीच तर लगेच औषध मिळावे, यासाठी पालक, डॉक्टर व शाळा यांनी मिळून केलेली व्यवस्था. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, चिकट कफ साचतो आणि भोवतालचे स्नायू आवळतात. त्यातून खोकला, धाप आणि छातीत शिट्टीसारखा आवाज ही लक्षणे दिसतात.

पुण्यात शाळा भरतात त्या जूनच्या पावसात. वर्गभर सर्दी फिरते आणि लहान मुलांचा दमा उसळण्याचे मोठे कारण तीच असते. पाऊस ओसरताना मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत फुलते. १९५५ साली या गवताकडे देशाचे लक्ष वेधले गेले, तेही पुण्यातूनच. त्याच्या परागकणांची अनेकांना ॲलर्जी असते. पुढे दिवाळीचे फटाके, थंडीतली गार हवा, कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा. सकाळच्या शाळेचे मूल रिक्षात बसून ही हवा घेतच वर्गात येते.

औषधे दोन प्रकारची. सूज आटोक्यात ठेवणारा स्टेरॉइडचा पंप (इनहेलर) रोज घरीच घ्यायचा. शाळेत हवा तो तात्काळ आराम देणारा साल्ब्युटॅमॉलचा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत निराधार आहे. साल्ब्युटॅमॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध, तेही थेट श्वासनलिकेत. तरी मुलाचा दमा शाळेपासून लपवणारी घरे आहेत, आणि मुलाचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळाही. दुसरी चूक अधिक महागात पडते.

बालवाडीतले मूल ‘दम लागलाय’ असे सांगतेच असे नाही. ते खेळता खेळता बसते, सतत खोकते, वाक्य तोडून बोलते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर वेळ दवडू नये. मुलाला आडवे न करता ताठ बसवावे. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळीला, लावावा. चार-पाच वर्षांखालील मुलांना मास्क लागतो. एक दाब द्यावा, पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत, मग पुढचा दाब. एकदम दोन दाब देऊ नयेत. किती दाब द्यायचे, हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर असावे आणि तो कागद वर्गशिक्षिकेजवळ असावा. उतार पडला नाही, ओठ निळसर झाले किंवा मूल मलूल होऊन छातीतला आवाजच थांबला, तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत औषध चालू ठेवावे.

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटते.

दमा आहे म्हणून पीटीच्या तासाला मुलाला बाकावर बसवून ठेवू नये. आधी हलका व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास दहा-पंधरा मिनिटे आधी पंप घेतला, की बहुतेक मुले कबड्डी, खो-खो सगळे खेळतात.