तरवड की तरोटा? बरड बांधावर लावण्याआधी पान मोजा

साक्री-पारोळ्याकडच्या बरडावर, म्हणजे मुरमाड माळावर, भाद्रपदात पिवळं फूल दिसलं की ‘तरोटाच तो’ म्हणून माणूस पुढे निघतो. बांधाला कायमचं झुडूप हवं असेल तर मात्र जरा वाकून पान बघावं. एका पानावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीनच जोड्या आणि चुरगाळल्यावर उग्र वास, तर तो तरोटा, म्हणजे टाकळा. आठ ते बारा जोड्या असतील आणि देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं असतील, तर तो तरवड. फुलोरा नसतानाही ही पाळी फसवत नाही.

शेंगेवरूनही कळतं. तरोट्याची लांब, बारीक, वाकडी. तरवडाची चपटी, कागदासारखी पातळ, आत बी कुठे कुठे आहे ते वरून दाखवणारी.

पण खरा फरक मुक्कामाचा. तरोटा पहिल्या पावसात उगवतो, कोवळा असताना भाजीला कामी येतो आणि हिवाळ्यापर्यंत वाळून जातो. तरवड वर्षानुवर्षं राहतो, माणसाच्या कमरे-खांद्याएवढा होतो, मे महिन्यातही हिरवा दिसतो. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाशिवायही टिकतो. सालीत टॅनिन भरपूर; कातडी कमवायला ती पूर्वापार वापरतात.

लावणं सोपं आहे, फक्त बियांचं कवच टणक. पॉलिश पेपरवर हलकं घासा, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी तेवढं घ्या. मूळ सरळ खोल जातं, त्यामुळे पिशवीत रोप वाढवत बसण्यापेक्षा पाऊस लागल्यावर मुरमातच टोकलेलं बरं. शेणखताची गरज नाही. पाणी तुंबणारी जागा तेवढी टाळा. पहिला उन्हाळा निभावला की पुढे बादली न्यायला नको.

दोन्ही शेंगावर्गीय, म्हणून जमिनीला नत्र मिळेल असं गणित मात्र मांडू नका. ही दोन्ही ‘सेना’ (Senna) या प्रजातीतली, आणि तिच्यात मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी सहसा येत नाहीत. तरवड लावायचा तो मुरूम धरून ठेवायला आणि भुंग्यांसाठी. फुलावर बसून ते अंग थरथरवत पराग झाडून घेतात.

बांधावर तरोटा आधीच माजला असेल, तर शेंगा तडकायच्या आत उपटा. एकदा बी सांडलं की पुढच्या पावसात दुप्पट भाजी.