टायगरची ८८, पँथरची ७५ आणि एक जुनाट गैरसमज

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा टायगर सगळ्यांना पाठ असतो: ५७ टन, चौकोनी डबा, ८८ मि.मी.ची तोफ. घोळ सुरू होतो तो पँथर या दुसऱ्या जर्मन रणगाड्यापाशी. ‘तोफ ७५चीच, म्हणजे टायगरपेक्षा कमजोर’ हे इतक्यांदा वाचलंय की आता डोकंच उठतं.

८८ किंवा ७५ हा नळीचा आतला व्यास, आणि तोफेची ताकद नुसत्या व्यासावरून ठरत नाही. टायगरची नळी व्यासाच्या ५६ पट लांब, पँथरची ७० पट. गुणाकार करून बघा. टायगरची नळी भरते ४.९ मीटर आणि ‘छोट्या’ तोफेची सव्वापाच! पँथरचा गोळा सुटतो सेकंदाला साधारण ९३० मीटर वेगाने, टायगरचा ७७०च्या आसपास. टायगरचा गोळा दहा किलोंचा, पँथरचा सातच्या आत. पण ऊर्जेच्या हिशोबात वजन एकदाच धरतात, वेगाचा मात्र वर्ग होतो. म्हणून दोघांची ऊर्जा जवळपास सारखी येते आणि पँथर ती लहान भोकावर खर्च करतो. हजार मीटरवरून, ३० अंश कललेल्या पोलादावर, जर्मन आकड्यांनुसार टायगर सुमारे १०० मि.मी. भेदायचा, पँथर सुमारे ११०.

मग ८८ मोठी कशात? स्फोटक गोळ्यात. खंदक किंवा रणगाडाविरोधी तोफ उडवायची तर मला टायगरच हवा. आणि कृपा करून किंग टायगरची (टायगरनंतर आलेल्या जड रणगाड्याची) ८८ मध्ये आणू नका. तिची नळी ७१ पट लांब, काडतूसही वेगळं. जुन्या टायगरमध्ये ते बसायचंच नाही. निम्मा गोंधळ या दोन ८८ एकच समजण्यातून होतो.

चिलखताचंही तेच. पँथरचा पुढचा पत्रा ८० मि.मी.चा, पण ५५ अंश मागे कललेला, त्यामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला तो सुमारे १४० पडतो. टायगरचा १००चा पत्रा जवळजवळ उभाच. बगल मात्र उलटी: टायगरची ८०, पँथरची ४० ते ५०. सोव्हिएत रणगाडाविरोधी रायफलींच्या धास्तीने पँथरच्या बगलेला पातळ पत्र्यांचे पडदे लटकवावे लागले.

वेगाबद्दल एवढंच, की उशिराच्या टायगरमध्ये आणि पँथरमध्ये एकच मायबाख इंजिन होतं, आणि पँथर बारा टनांनी हलका.