वाफेची इस्त्री : सोलापुरातील घरगुती निवड

वाफेची इस्त्री : पोटात पाण्याची टाकी असलेली विजेची इस्त्री, बोलण्यात ‘स्टीम इस्त्री’. टाकीतले पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या भागावर पडते, त्याची वाफ होते आणि तळाच्या भोकांतून ती कापडात शिरते. ओलावा व उष्णता मिळाली की सुती तंतू सैल पडतात, इस्त्रीच्या वजनाखाली सरळ होतात आणि सुकताना तसेच राहतात. पाणी शिंपडून, कपडा गुंडाळून ठेवायची जुनी रीत याच कारणाने चाले. विजेच्या इस्त्रीचे पेटंट हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये अमेरिकेत घेतले. वाफेची इस्त्री १९२० च्या दशकात आली.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. दोरीवरचा सुती शर्ट तासाभरात पापडासारखा कडक होतो, आणि कोरड्या इस्त्रीने त्याची चुणी हलत नाही. म्हणून वाफेचा उपयोग इथे खराच आहे. पण इस्त्री निवडताना आधी पाहायचे ते घरातले पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अनेक घरे बोअरवरही अवलंबून असतात, आणि बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इस्त्रीच्या भोकांत बसतो. मग एखाद्या सकाळी शाळेच्या गडद निळ्या पँटवर खडूसारखा चुरा पडतो. झटकावा तर ओल्या वाफेने तो कापडात आणखी बसतो. अशा घरात आरओ फिल्टरचे पाणी वापरावे. पाणी उकळून, निवल्यावर गाळून घेतले तरी क्षार कमी होतात, सगळे जात नाहीत. ‘सेल्फ क्लीन’ची, म्हणजे भोकांतला थर वाफेने बाहेर काढण्याची सोय असलेलीच इस्त्री घ्यावी आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करावी. बोअरखेरीज दुसरे पाणी मिळणारच नसेल, तर स्टीमचा हट्ट सोडून जड साधी इस्त्री आणि हातातली फवाऱ्याची बाटली घेणे शहाणपणाचे.

वॅट जास्त तितकी वाफ लवकर तयार होते. मात्र आधी भिंतीवरचा प्लग पाहावा. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅटचा भार चालतो. २००० वॅटच्या इस्त्रीला १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. अ‍ॅडॅप्टर लावून साध्या सॉकेटवर ती चालवली तर सॉकेट वितळू शकते. आयएसआय चिन्ह खोक्यावर नव्हे, इस्त्रीवर शोधावे.

तळ गुळगुळीत असावा आणि टोक निमुळते, म्हणजे गुंड्यांच्या मधे शिरते. नॉनस्टिक तळ चेन आणि हुकांनी ओरखडतो. सिरॅमिक किंवा स्टीलचा अधिक टिकतो. तापमानाच्या चकतीवर एक ठिपका सिंथेटिकला, दोन रेशीम-लोकरीला, तीन सुतीला. एका ठिपक्यावर वाफ सोडली तर वाफेऐवजी पाणीच ठिबकते. ते थांबवणारी सोय, म्हणजे ‘अँटी ड्रिप’, असेल तर बरे.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात. तिचे बंद एकेक सोडवून, इस्त्रीचे टोक आत घालून दाबावे लागतात. इथे निमुळत्या तळाची किंमत कळते. कपड्याला खळ दिली असेल तर वाफ बंद ठेवावी. खळ ओली होऊन तळाला चिकटते, जळते, आणि पुढच्या पांढऱ्या कपड्यावर तपकिरी डाग सोडते. इरकल साडीचे अंग सुती आणि काठ बहुधा रेशमी किंवा आर्ट सिल्कचे, म्हणून तिला उलट्या बाजूने, काठांवर उष्णता कमी करून इस्त्री करावी. सोलापुरी टेरी टॉवेलला इस्त्री लावूच नये. वरचे फासे दबले की तो पाणी कमी टिपतो.