सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालतं का?

"खरिपात उरलेलं रायझोबियमचं पाकीट रब्बीत हरभऱ्याला लावा, जिवाणू तेच असतात." इंदूरच्या आपल्या मंडळींत, विशेषतः ज्यांची सांवेर-देपालपूरकडे शेती आहे त्यांच्यात, हा निरोप दिवाळीच्या सुमारास हमखास फिरतो.

पटण्यासारखा आहेच तो. रायझोबियम म्हणजे पेरणीआधी बियाण्याला लावायचे जिवाणू; सोयाबीनचे नि हरभऱ्याचे, दोन्ही मुळांवर गाठी करतात, हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम आणि हरभऱ्याचा मेसोरायझोबियम सायसेरी हे फार तर चुलतभाऊ. 'ब्रॅडी' म्हणजे संथ. प्रयोगशाळेच्या बशीत त्याचे ठिपके दिसायला ५ ते ७ दिवस लागतात. खरा फरक मुळाशी आहे. मूळ मातीत काही रसायनं सोडतं. ती ओळखून योग्य उलट खूण देणाऱ्या जिवाणूलाच आत प्रवेश मिळतो. हरभरा तर याबाबतीत भलताच चोखंदळ.

मग पाकीट लावल्यावर गाठी दिसल्या, त्या कशा? माळव्याच्या काळ्या मातीत हरभरा पिढ्यान्‌पिढ्या होतो, त्याचे जिवाणू तिथे आधीपासूनच असतात. श्रेय मात्र पाकिटाला जातं.

पडताळायचं तर दोन ओळी काहीही न लावता पेरा. चाळिसेक दिवसांनी दोन्हीकडची चार-चार रोपं खुरप्यानं मातीसकट उचला (उपटू नका, गाठी तुटतात), मुळं धुवा. सोयाबीनच्या गाठी वाटाण्यासारख्या गोल, हरभऱ्याच्या फाटे फुटलेल्या. नखानं कापा: आत गुलाबी असेल तर गाठ कामाची. दोन्हीकडे सारख्याच गाठी निघाल्या, तर पाकिटानं काही केलेलं नाही. आणि हो, पाकिटावर पिकाचं नाव नि मुदत छापलेली असते.